जळालेल्या घराचा पंचनामा गावासमोर व्हावा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
छत्रपती संभाजीनगर



महाराष्ट्रात वणव्याची बातमी हेक्टरांत मोजली जाते. इतकं गवत जळालं, इतकी रोपं गेली, वनविभागाची माणसं आणि गावकरी रात्रभर हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होते. डोंगराच्या कडेला असलेल्या वस्तीवरचं एखादं छप्पर, गोठा किंवा कडब्याची गंजी त्यात गेली असेल, तर ती बातमीच्या शेवटच्या ओळीत येते. पुष्कळदा तिथेही येत नाही. हे पत्र त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे.

पिशोर हे कन्नड तालुक्यातलं अंजना नदीच्या काठचं मोठं गाव. शिवारात मका, कापूस, अद्रक. पलीकडे सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगा. याच तालुक्यात 1986 साली घोषित झालेलं, सुमारे 260 चौरस किलोमीटरचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. ते जंगल पानगळीचं. माघ सरता सरता पानं झडतात, गवत पिवळं पडतं आणि पहिल्या पावसापर्यंत अख्खा डोंगर पेटायला तयार असतो. आग आपोआप फार क्वचित लागते. कुणी नवं गवत लवकर फुटावं म्हणून काडी लावतं, कुणी बांध जाळताना वाऱ्याकडे बघत नाही, कुणी विडी विझवत नाही. ठिणगी कुणाचीही असो, धग पहिल्यांदा पोचते ती डोंगराला टेकून राहणाऱ्यांपर्यंत. भिल्ल आणि ठाकर वस्त्या, बंजारा तांडे, शेतात राहणारी एकटी-दुकटी घरं अशी ती माणसं आहेत. पऱ्हाटीच्या कुडाच्या भिंती, वर पत्रा नाहीतर गवत, शेजारी जनावरांचं छप्पर आणि त्याला लागून वर्षाचा चारा. अशा घराला आग लागली की विझवायला वेळच उरत नाही.

इथे एका वेळी शहर जळत नाही, हे खरं. हवाई बेटांवरच्या लाहैनामध्ये 8 ऑगस्ट 2023 रोजी वाऱ्याने पिसाळलेल्या आगीने 102 माणसांचा जीव घेतला आणि 2,200हून जास्त इमारती खाक केल्या. कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव 8 नोव्हेंबर 2018 रोजी जवळजवळ पूर्ण जळालं; 85 जण गेले. कन्नडच्या डोंगरात जळतं ते एखादं घर, दोन घरं. पण एकच घर जळालेल्या कुटुंबाला ते एकच असतं. उलट संख्या कमी असल्यामुळे त्याच्यासाठी मंत्री येत नाहीत, विशेष पॅकेज जाहीर होत नाही, स्वयंसेवी संस्थांचे ट्रक येत नाहीत. त्या कुटुंबाच्या वाट्याला येतो फक्त पंचनामा. म्हणून पंचनामा न्यायाने होणं हेच इथलं पुनर्वसन आहे.

साहेब, निकष आपल्याला ठाऊक आहेत. पण ज्यांची घरं जळतात त्यांना ते ठाऊक नसतात, म्हणून इथे मांडायला हवेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देण्यासाठी केंद्र सरकारने 2022-23 ते 2025-26 या वर्षांसाठी जे दर ठरवून दिले, त्यांत आग ही आपत्ती म्हणून धरलेली आहे. त्या दरांनुसार घर पूर्ण नष्ट झालं तर, ते पक्कं असो वा कच्चं, सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगरी भागात 1 लाख 30 हजार रुपये. किमान 15 टक्के पडझड असेल तर पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्याला 4,000. घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000. आणि झोपडी असेल तर 8,000 रुपये.

कच्चं घर जळालं तर लाखाच्या वर, झोपडी जळाली तर आठ हजार. मग एखादं घर कच्चं घर की झोपडी, हे ठरवतं कोण? निकष सांगतात की गवत, माती, प्लास्टिक अशा साहित्याची, कच्च्या घरापेक्षाही कमी प्रतीची, तात्पुरती आणि प्रशासनाने झोपडी म्हणून ओळखलेली ती झोपडी. प्रत्यक्षात हा निर्णय राखेच्या ढिगासमोर उभा राहिलेला एक माणूस, आगीनंतरच्या एक-दोन दिवसांत, घाईत घेतो. भिंत कुडाची होती पण मातीने लिंपलेली होती. छप्पर गवताचं होतं पण खाली सागाची मेढ होती. त्याच जागी तिसरी पिढी राहत होती. जळाल्यावर यातलं काही दिसत नाही. दिसते ती राख, आणि राखेवरून झोपडी लिहिणं सोपं असतं. या एका शब्दाने कुटुंबाचे 1 लाख 12 हजार रुपये जातात, डोंगरी दर धरला तर 1 लाख 22 हजार. तलाठ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. तीन-तीन गावांचा भार असलेल्या माणसाला एकट्याने, कुणाला न विचारता, इतका मोठा निर्णय करायला लावणारी पद्धतच चुकीची आहे.

त्याच निकषांत आणखी एक अट आहे. नुकसान झालेलं घर अधिकृत बांधकाम असलं पाहिजे आणि तसं सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलं पाहिजे. गावठाणातल्या घराची नमुना आठला नोंद असते, घरपट्टीची पावती असते. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन सनदही मिळू लागली. पण ती मोजणी गावठाणाची. डोंगराकडेची वस्ती गावठाणात नसते. कुणाचं घर गायरानात आहे, कुणाचं वनजमिनीच्या हद्दीवर, कुणाचं दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर, मालकाच्या तोंडी परवानगीने. शासनानेच 2018 मध्ये 1 जानेवारी 2011 पूर्वीची ग्रामीण भागातली निवासी अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचं धोरण आणलं, आणि 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरची अतिक्रमणं हटवण्याच्या नोटिसाही निघाल्या. एकाच घराला एक कागद थांब म्हणतो आणि दुसरा ऊठ म्हणतो. अशा घराला आग लागली तर त्याला अधिकृत कोण म्हणणार? वणवा हद्दीचे दगड बघून येत नाही. सगळ्यात आधी जळतं ते नेमकं हेच घर, आणि मदतीच्या यादीतून सगळ्यात आधी गळतं तेही हेच.

वनजमिनीवरच्या घरांपुरता कायदा स्पष्ट आहे. 2006च्या वनहक्क कायद्याचं कलम 4(5) सांगतं की हक्क मान्यतेची आणि पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कुणालाही जागेवरून उठवता येत नाही. दावा प्रलंबित असताना आगीने घर गेलं, तर आगीने दावा संपत नाही. तरीही जळालेल्या जागी पुन्हा मेढी रोवताना त्याच माणसाला अडवलं जाण्याची धास्ती असते. आपल्या कार्यालयातून एक साधं परिपत्रक निघालं, की आगीत गेलेलं घर त्याच जागी उभारणं हे नवं अतिक्रमण धरलं जाणार नाही, तर ही धास्ती जाईल.

आता हंगामाचं बघावं. ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. वणव्याचे दिवस फेब्रुवारीपासून सुरू होतात. म्हणजे आग लागते तेव्हा डोंगराकडेच्या कितीतरी घरांना कुलूप असतं. माणसं बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर घेऊन दूरच्या कारखान्याच्या फडावर असतात. घरी म्हातारी आणि शाळेत जाणारं एखादं पोर. ट्रंकेत रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला, बँकेचं पुस्तक, मजुरीतून जमवलेला दागिना. ती बाहेर काढायला कुणी नसतं. निरोप जातो, फडावरून उचल न फिटता निघणं जमत नाही, आणि माणूस पोचतो तोवर पंचनामा होऊन गेलेला असतो. घरात काय होतं ते म्हातारीने सांगितलं तेवढं. तिने सांगितलेलं लिहून घेतलं की नाही, हे तिलाही माहीत नसतं कारण तिचा अंगठा घेतलेला असतो. त्यानंतर सुरू होते कागद दाखवा म्हणणाऱ्या टेबलांची रांग, आणि कागद तर जळालेले आहेत.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की ही आपत्ती छोटी आहे, एवढी यंत्रणा कशाला हलवायची. त्याचं उत्तर मराठवाड्यानेच तीस वर्षांपूर्वी दिलेलं आहे.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती विसर्जनाची रात्र उलटताना लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसं दगडमातीच्या रुंद भिंतींखाली गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधाराने जो पुनर्वसन कार्यक्रम झाला, तो त्या काळातला जगातल्या मोठ्या कार्यक्रमांपैकी एक. 52 गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. त्यातलं एक सूत्र आजही नीट वाचण्यासारखं आहे. नव्या घराचं क्षेत्रफळ जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत 400 आणि सात हेक्टरच्या वर जमीन असलेल्याला 750 चौरस फूट. भूकंपाने सगळ्यांची घरं सारखीच पाडली होती. घर परत देताना मात्र सात-बारा बघितला गेला. ज्याच्याकडे जमीन नव्हती, त्याच्या घरातल्या माणसांची संख्या त्यामुळे कमी होत नव्हती. वाड्याला वाडा आणि खोलीला खोली द्यावी, असा विचार त्यामागे असेल. पण सरकारी पैशाने जुनी विषमता सिमेंटमध्ये पक्की झाली, हे सांगितल्याशिवाय त्या कार्यक्रमाचं मोठेपण सांगणं बरोबर होणार नाही.

मोठेपण होतं, आणि ते दुसऱ्या बाजूला होतं. नव्या जागी न गेलेल्या गावांत तडे गेलेली घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. ती घरं लाखाहून कितीतरी जास्त. इथे ठेकेदार घर बांधणार नव्हता, घरमालकाने बांधायचं होतं. पैसे टप्प्याटप्प्याने, अभियंत्याने काम बघितल्यावर. सुरुवातीला काम रखडलं, कारण लोकांना नियम कळत नव्हते आणि अभियंत्यांना लोक. तेव्हा शासनाने लोकसहभागाचं काम स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या गटाकडे दिलं. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने 1300च्या आसपास गावांत महिला मंडळातल्या बायकांची संवाद सहायक म्हणून निवड झाली. ज्या बायका तोवर चावडीच्या पायरीवरही चढत नव्हत्या, त्या घरोघर जाऊन कुणाचा हप्ता का अडला हे विचारू लागल्या, सिमेंट किती आणि कोपऱ्यात सळई कुठे हे शिकल्या, अभियंत्याला गावात बोलवू लागल्या. कुणाचं नाव यादीतून गळलं हे त्यांना तहसीलच्या आधी कळायचं, कारण त्या त्याच गल्लीत राहत होत्या.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की शासनाने त्यांना फक्त बोलू दिलं नाही, त्यांच्या हातात काम दिलं. 2001च्या भूकंपानंतर याच भागातल्या बायका कच्छला गेल्या आणि तिथल्या बायकांना स्वतःचा अनुभव सांगून आल्या. त्सुनामीनंतर त्या तामिळनाडूपर्यंत पोचल्या. मराठवाड्याने देशाला दिलेली ही गोष्ट मराठवाड्याच्याच डोंगराकडेच्या वस्त्यांपर्यंत आलेली नाही.

उलट अनुभवही जवळचाच आहे. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं. 151 जण दगावले. आमडे इथे उभारलेल्या नव्या माळीणचं लोकार्पण 2 एप्रिल 2017 रोजी झालं, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या जोराच्या पावसात तिथल्या भरावाची माती खचली, रस्ते आणि गटारं उखडली. पाणी डोंगरावरून कुठून उतरतं, हे त्या भागात जन्म गेलेल्या माणसाला नकाशा न बघता सांगता येतं. त्याला योग्य वेळी, म्हणजे आराखड्यावर सही होण्याआधी, विचारावं लागतं.

दूरच्या लाहैनातही लढाई शेवटी यावरच आली, की ठरवणार कोण. आगीनंतर बेघर झालेली कुटुंबं हॉटेलांत ठेवली गेली आणि पर्यटक येऊ लागले तसं त्यांना एका हॉटेलातून दुसऱ्यात हलवलं जाऊ लागलं. त्यांतला मोठा वर्ग भाडेकरूंचा. लाहैना ज्या माउई बेटावर आहे, तिथेच हजारो सदनिका पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने देण्यासाठी राखलेल्या होत्या. ‘लाहैना स्ट्राँग’ या नावाने एकत्र आलेल्या स्थानिकांनी नोव्हेंबर 2023 मध्ये काआनापालीच्या श्रीमंत हॉटेलांसमोरच्या किनाऱ्यावर मुक्काम ठोकला. किनाऱ्यावर रात्री राहायला बंदी होती, पण मासेमारीचा हक्क स्थानिकांना होता. म्हणून त्यांनी वाळूत गळ रोवले आणि आम्ही मासे धरतोय असं सांगत महिनोन्महिने तिथेच राहिले. मागणी एकच होती: या सदनिका आधी घर गेलेल्यांना दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्या. मे 2024 मध्ये राज्यपालांनी अशा अल्पकालीन भाडेघरांवर बंधन घालण्याचा अधिकार काउंटींना देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच महिन्यात माउईचे महापौर रिचर्ड बिसेन यांनी सुमारे सात हजार सदनिकांचा तसा वापर बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. कायदा आकाशातून पडला नाही. लोक किनाऱ्यावरून उठले नाहीत म्हणून तो आला.

जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसजवळचं अल्टाडीना जळालं, 9,400हून जास्त बांधकामं गेली, तेव्हा तिथल्या लोकांनी जळालेल्या अंगणात पाट्या लावल्या: अल्टाडीना विकायचं नाही. कृष्णवर्णीय कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवलेली ती जागा राख थंड व्हायच्या आत स्वस्तात मागायला गिऱ्हाइकं येऊ लागली होती. आपल्याकडे गिऱ्हाईक असं उघड येत नाही. आपल्याकडे घर गेलेला माणूस सावकाराकडे जातो, मुकादमाकडून पुढच्या हंगामाची जास्तीची उचल घेतो, आणि दोन वर्षांनी त्याची एखाद-दुसरी एकर कुणाच्या तरी नावावर झालेली असते.

मराठवाड्यात जळालेल्या घराला आणखी एक इतिहास आहे, आणि तो टाळून हे पत्र पुढे नेता येत नाही. जुलै 1978 मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केल्यानंतर इथल्या कितीतरी गावांत दलितांची घरं जाळली गेली. ती आग माणसांनी लावली होती, वणव्याची तिच्याशी बरोबरी होत नाही. पण त्यातून एक गोष्ट कायमची लक्षात ठेवावी लागते, की गावाच्या कडेला कोण राहतं हे आपल्या समाजात योगायोगाने ठरलेलं नाही. 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम 61 आहे: भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम फार कमी लोकांना माहीत आहे. ज्याने अधिकृत घराची अट लावली त्याच्या मनात जात नसेलही. पण गावठाणात कोण आणि गायरानात कोण हे जर जातीने ठरत आलं असेल, तर त्या अटीचा भार कुणावर पडतो हे आपणच बघावं.

म्हणून या पत्रातली पहिली मागणी पंचनाम्याची. आगीत घर गेलं की पंचनामा त्याच वस्तीवर, वस्तीच्या माणसांसमोर वाचून दाखवावा. घर कशाचं होतं, किती खणांचं होतं, कधीपासून होतं, हे शेजाऱ्यांना विचारून लिहावं आणि झोपडी लिहायची असेल तर का, ते कारण एका ओळीत नोंदवावं. घरमालक ऊसतोडीला गेला असेल तर तो परत येईपर्यंत त्याला म्हणणं मांडायला मुदत असावी. पंचनाम्याची प्रत कुटुंबाला लगेच मिळावी आणि यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. माहिती अधिकाराच्या कायद्यातल्या कलम 4 नुसार ही माहिती न मागता द्यायचीच आहे. त्यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही, आपला आदेश पुरतो.

दुसरी मागणी ज्यांचं घर कागदाने अधिकृत ठरत नाही त्यांच्यासाठी. आपत्ती निधीच्या अटीत ते बसत नसतील तर दुसरी दारं आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाला तेवढीच, म्हणजे 1 लाख 20 हजार ते 1 लाख 30 हजारांची मदत मिळते आणि ज्याला जागा नाही त्याला जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून अर्थसहाय्य मिळतं. अडचण अशी की घरकुलाच्या प्रतीक्षा यादीतला नंबर वर्षानुवर्षं हलत नाही. आगीत घर गेलेल्या कुटुंबाचा नंबर त्या यादीत वर घ्यायची शिफारस आपल्या स्तरावरून शासनाकडे जावी. घर नवं होताना ते नवरा-बायको दोघांच्या नावावर व्हावं. आवास योजनेत तशी तरतूद आहे, वनहक्काच्या पट्ट्यातही आहे. ती फॉर्मवरच्या एका रकान्यात राहू नये, एवढं तहसीलदारांनी बघितलं तरी पुष्कळ झालं.

आणि वेळ. मार्च-एप्रिलमध्ये घर जळालं तर मृगाला दोन-तीन महिने उरतात. मदतीचा प्रस्ताव मंडळ, तहसील, जिल्हा असा फिरून येईपर्यंत पाऊस सुरू होतो आणि कुटुंब ताडपत्रीखाली असतं. पावसाआधी पत्र्याचा निवारा मिळणं हा आगीच्या मदतीचा वेगळा, पहिला टप्पा धरला जावा.

आता थोडं गावाबद्दल, कारण सगळी मागणी शासनाकडेच करणं सचोटीचं होणार नाही. ग्रामसभा ही जादूची कांडी नाही. पिशोरसारख्या मोठ्या गावात ग्रामसभेला जे येतात ते गावठाणातले, जमीनवाले, पुढाऱ्यांच्या जवळचे. डोंगरावरची बाई रोजगार बुडवून, चार-पाच किलोमीटर चालून तिथे येईल आणि माझं घर झोपडी का लिहिलंत असं सगळ्यांसमोर विचारेल, ही अपेक्षा आजच्या घडीला फार आहे. त्यामुळे आधी वस्तीसभा, तांडासभा आणि तिचा ठराव ग्रामसभेत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात आहेच. ती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती होते. ती वस्तीवर जाऊन झाली तर तिला अर्थ येईल.

संघटना आग लागल्यावर होत नाही, ती आधी लागते. प्रत्येक वस्तीवर बचत गटाच्या दोन बायका आणि दोन तरुण तयार झाले, त्यांनी दिवाळीनंतर, माणसं फडावर जायच्या आधी, प्रत्येक घराचे आतून-बाहेरून फोटो काढले, कागदांच्या प्रती गावातल्या दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी ठेवल्या, घराची लांबी-रुंदी एका वहीत लिहिली, तर राखेवरून वाद करायची वेळ येणार नाही. याला खर्च जवळजवळ नाही. ज्या तरुणांना वनविभाग जाळरेषा काढायला आणि आग विझवायला बोलवतो, तेच हे करू शकतात. भारतीय वन अधिनियमाचं कलम 79 जंगलात हक्क असलेल्या माणसांवर आग विझवायला मदत करण्याची सक्ती करतं. आग विझवताना ज्यांची साक्ष, मेहनत आणि जीव चालतो, त्यांचीच साक्ष पंचनाम्यात का चालू नये?

कुणी अधिकारी म्हणेल की वस्तीसमोर पंचनामा वाचला तर भांडणं होतील, खोटी घरं उभी राहतील, जो तो आपली झोपडी कच्चं घर म्हणून सांगेल. भांडणं होतील, नक्कीच. पण शेजाऱ्यांसमोर खोटं घर सांगणं हे बंद खोलीत खोटं घर लिहिण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. वस्तीला प्रत्येक मेढीचं वय माहीत असतं. रोजगार हमीच्या कामांचं सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेत व्हायला लागलं तेव्हाही हीच भीती बोलून दाखवली गेली होती.

साहेब, आपण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आहात आणि कायद्याने जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आपले सहअध्यक्ष. म्हणजे महसूल आणि पंचायत या दोन्ही यंत्रणा एकाच टेबलावर आहेत. संपूर्ण जिल्ह्यात हे एकदम होणार नाही. त्याची सुरुवात पिशोर महसूल मंडळातल्या डोंगराला लागून असलेल्या वस्त्या आणि तांड्यांपासून व्हावी. घरांची वही, संवाद सहायक बायकांची निवड आणि त्यांना पंचनामा वाचायचं-तपासायचं शिक्षण, एवढं काम माणसं ऊसतोडीला निघण्यापूर्वी उरकता येईल. तहसीलदार, वनपरिक्षेत्र अधिकारी, गटविकास अधिकारी आणि तलाठी यांच्यासह पहिली वस्तीसभा डोंगराकडेच्या वस्तीवरच घ्यावी, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये नको. तिची तारीख आठ दिवस आधी दवंडी देऊन कळवावी, म्हणजे कामाला गेलेल्या बायकांनाही त्या दिवशी मजुरीला सुट्टी घेता येईल. त्या सभेला आपण स्वतः यावं, अशी विनंती आहे.

पिशोर, ता. कन्नड,
जि. छत्रपती संभाजीनगर